सरपोतदार, तुम्ही वाचवलेल्या वर्षांबद्दल

सरपोतदार, आठ दिवसांपूर्वी, रविवारी, तुमची शोकसभा झाली. आपला वर्ग भरायचा त्याच कोमिनकानमध्ये, त्याच खोलीत, कारण इथल्या जपानी नगरपालिकेच्या त्या सभागृहात दुसरी खोली रिकामी नव्हती. खुर्च्या वर्गासारख्याच मांडलेल्या होत्या. आईबाप मुलांच्या जागी बसले आणि मुलं मागे भिंतीला टेकून उभी राहिली. नीलावहिनी पुढच्या रांगेत होत्या. तुमचा फोटो कुणीतरी व्हाइटबोर्डच्या खालच्या पट्टीवर, मार्कर ठेवतात तिथे उभा केला होता. तो घसरेल की काय या धास्तीनं सुरुवातीचं मी काही ऐकलंच नाही.

मग फडणीस उठले. तोयोसुच्या आयटी कंपनीतले मॅनेजर, आपल्या ऋताचे वडील. "सरांनी आमच्या मुलांची वर्षं वाचवली," असं म्हणाले आणि नेमक्या जागी त्यांचा आवाज दाटून आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर एकेक पालक उठून आपल्या मुलाला सरांमुळे कुठल्या कुठल्या विषयात क्रेडिट मिळालं, कुठलं कॉलेज मिळालं, ते सांगू लागला. माणूस गेल्याचं दुःख करताहेत की मुलाच्या निकालाचे पेढे वाटताहेत, मला समजेना.

तुम्हाला हे सगळं आवडलं असतं. तुमच्याबद्दलची माझी मूळ तक्रार हीच आहे.

मला बोलायला सांगितलं होतं, पण मी बोलले नाही. मला जे बोलायचं होतं ते मेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. तुमच्या तोंडावर मात्र मी कायम बोलत आले, म्हणून आताही तुमच्याशीच बोलते.

तुमच्या वर्गाचा मला पहिल्या दिवसापासून तिटकारा होता. मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीपायी ग्योतोकुत येऊन पडले होते. पुण्यात कॉलेजात गणित शिकवत होते आणि इथे कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा ते शिकत होते. त्यातही नापास व्हायचे. शेजारच्या आजीबाई वाकून नमस्कार करत माझी पिशवी मला परत आणून द्यायच्या. एक दिवस स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात मी पालकाची जुडी निवडत होते, तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "तुम्ही गणितवाल्या ना?" रविवार होता, तरी तुमच्या गळ्यात बँकेचं ओळखपत्र लटकत होतं. नमस्कार नाही, नाव नाही. "मी वर्ग चालवतो. आपली मुलं इथे इंटरनॅशनल शाळेत शिकतात, पुढे अमेरिका-कॅनडाला जातात. शाळेत असतानाच एक परीक्षा दिली की कॉलेजचं पहिल्या वर्षाचं कॅलक्युलस, फिजिक्स सुटतं. क्रेडिट मिळतं. मला एकट्याला झेपत नाही."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर तुम्ही मासळी विकायला बोलावलं असतंत तरी मी हो म्हटलं असतं, इतकी मी त्या फ्लॅटमध्ये गुदमरले होते.

पहिल्याच रविवारी तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. एक इंटिग्रेशनचा प्रश्न आणि खाली उत्तराचे पर्याय. मी कागद ओढला आणि सोडवायला लागले. तुम्ही नाकातून हसलात.

"मॅडम, इंटिग्रेट कशाला करताय? पर्याय एकेक करून उलटे डिफरन्शिएट करा. जो प्रश्नाशी जुळेल तो खरा."

"मग इंटिग्रेट कसं करायचं ते मुलाला कळणार कधी?"

"कळायचं काय त्यात? जुळलं की झालं."

कळायचं काय त्यात! गणिताच्या वर्गात उभं राहून एक सुशिक्षित माणूस हे म्हणतो, वर हसतो, आणि समोरची मुलं ते वहीत लिहून घेतात! त्या क्षणी मी तुमची किंमत केली, सरपोतदार, आणि ती शेवटपर्यंत फारशी वाढवली नाही. तुम्हीही माझी केली होतीत. मी लिमिट म्हणजे काय ते सांगण्यात अख्खा तास घालवला की तुम्ही दारात उभं राहून घड्याळाकडे बघायचात आणि मुलांसमोर म्हणायचात, "मॅडमचं भजन संपलं असेल तर आपण कामाला लागू."

आणि ते पालक! हळदीकुंकवाला वाण हातात घेऊन त्या बायका विचारायच्या, "तुमच्याकडे कितव्या वर्षी घालायचं, म्हणजे फिजिक्सचंही क्रेडिट बसेल?" गणपतीत आरती झाली की ज्यांना वरचे गुण मिळाले त्या मुलांना स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवायच्या. मुलगा काय शिकला, हे त्या सगळ्यांत मला कुणी, कधीही, एका शब्दानं विचारलं नाही. काय सुटलं, एवढंच. शिक्षण म्हणजे जणू पायात रुतलेला काटा, आणि तुम्ही तो काढून देणारे. तुम्हाला त्यांचा तिरस्कार वाटायचा हे मला ठाऊक होतं. कारण वर्ग संपवून आपण खाली चहा-कॉफीच्या मशीनपाशी आलो की तुम्ही त्यांच्या नकला करायचात, फार छान करायचात, आणि मला हसू आवरायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना फोन करून तुम्ही साखरपेरणी करायचात. म्हणून त्यांच्यापेक्षा तुम्ही मला जास्त खालचे वाटायचात. त्यांना निदान दुसरं काही माहीत नव्हतं.

त्या मशीनमधून तुम्ही गरम दुधाच्या चहाचा डबा काढून न विचारता माझ्या हातात द्यायचात, भांडण कितीही झालेलं असो. तो चहा अतिशय गोड आणि वाईट असायचा. मी कधी नाही म्हटलं नाही आणि कधी आभारही मानले नाहीत. आज मला इथल्या शाळेत शिकवायची नोकरी आहे, ती तुम्ही त्यांच्या मुख्याध्यापकांना माझ्याबद्दल बोललात म्हणून. काय बोललात ते त्यांनी मला नंतर सांगितलं: "भांडखोर आहे, पण गणित येतं." एवढी शिफारस मला जन्मात दुसऱ्या कुणी दिली नाही. त्याचेही आभार राहिले.

आता ऋताबद्दल. कारण फडणीस उठून उभे राहिले तेव्हा मला दुसरं काही आठवतच नव्हतं.

ऋता आपल्या वर्गातली एकटी मुलगी, जी माझ्या 'भजना'ला पुढे सरकून बसायची. प्रश्न विचारायची. तुम्ही तिला सांगायचात, "शंका रविवारी संध्याकाळी, आधी पेपर." आणि तिनं तुमचं ऐकलं, कारण ती आज्ञाधारक होती. पेपर सोडवण्यात ती इतकी तरबेज झाली की प्रश्न पुरता वाचायच्या आधी तिची पेन्सिल उत्तरावर असायची. कॅलक्युलस, फिजिक्स, दोन्हींत सगळ्यात वरचे गुण. क्रेडिट मिळालं. मग त्या उन्हाळ्यात तिच्या अमेरिकेतल्या विद्यापीठानं स्वतःची वेगळी प्लेसमेंटची चाचणी पाठवली, नव्या मुलाला नेमकं कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरवण्यासाठी. तीही कॉम्प्युटरवर, तीही पर्यायांची. तुम्ही तिच्याकडून त्याचीही तयारी करून घेतलीत. फडणिसांनी पेढे वाटले. ऋताला थेट पुढच्या वर्गात जागा मिळाली, जिथे आकडेमोड संपते आणि प्रत्येक गोष्ट सिद्ध करून दाखवावी लागते.

शरद ऋतूत तिचा फोन आला. तुम्हाला नाही, मला. पाच मिनिटं ती हवापाण्याचं बोलली आणि मग अचानक तिचं मराठी आटलं. "मॅडम, वाकान्नाई," ती म्हणाली. "झेनझेन वाकान्नाई." काही कळत नाही, अजिबात काही कळत नाही. लहानपणी इथल्या शाळेत बावरली की तोंडून निघायची तीच जपानी. प्राध्यापक फळ्यावर काय लिहितात, बाकीची मुलं कशाला माना डोलावतात, आपण कुठे चुकतोय, हेसुद्धा तिला सांगता येत नव्हतं. लिमिटची व्याख्या विचारली होती म्हणे. तिला लिमिट काढता यायची. लिमिट म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं.

मी तुम्हाला स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं. काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल.

"ती चाचणी तिला काय येत नाही ते शोधण्यासाठी होती, सरपोतदार. आणि तुम्ही तिला ते लपवायला शिकवलंत. डॉक्टरनं ताप बघायला थर्मामीटर दिला आणि तुम्ही पोरीला तो गार पाण्यात बुडवायची युक्ती सांगितलीत. वर फी घेऊन!"

"हळू बोला, लोक बघताहेत."

"बघू देत. तुम्ही शिक्षक नाही, तुम्ही दलाल आहात."

तुम्ही कॉफी ढवळत राहिलात. मग शांतपणे म्हणालात, "तुमच्या पुण्याच्या कॉलेजात मुली प्रूफ लिहायच्या ना? त्यातल्या किती जणींना ते कळायचं? पाठ करून लिहायच्या. तुम्ही त्यांना मार्क द्यायचात. मग मी दलाल कसा आणि तुम्ही मॅडम कशा?" मी काही बोलायच्या आत पुढे म्हणालात, "या मुलांना तिकडची बारावी नाही, आणि इथल्या विद्यापीठाचा पेपर लिहायला कांजी लिपी येत नाही. एकच दार उघडं आहे. मी ढकलून आत घालतो. तुम्ही दाराला लाकूड कसलं लावलंय ते बघत बसा."

 याला उत्तरं मला नंतर पुष्कळ सुचली, आंघोळीत, भांडी घासताना, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या. चांगली होती. ती ऐकायला तुम्ही थांबायला हवं होतं.

डिसेंबरच्या सुट्टीत ऋता घरी आली आणि खोलीत गेली ती बाहेर येईना. फडणीस सगळ्यांना सांगत होते, तिला सर्दी झालीय, इथली थंडी बाधली. तिची आई माझ्याकडे येऊन रडली. मी तुम्हाला हे सांगितलं ते टोचून बोलायला, पण तुम्ही कोट चढवलात आणि म्हणालात, "चला."

फडणिसांच्या घरी तुम्ही चहा घेतला नाहीत. सरळ ऋताच्या दाराशी गेलात, टकटक केलीत आणि बाहेरूनच विचारलंत, "ऋता, कुठपर्यंत कळतंय?"

 आतून आवाज आला, "तेच कळत नाही, सर."

तुम्ही परत येऊन फडणिसांसमोर बसलात. "क्रेडिट सोडून द्या," म्हणालात. "तसं करता येतं. विद्यापीठाला कळवायचं, आम्हाला नको. पहिल्या वर्षाचं कॅलक्युलस पहिल्या पानापासून करू द्या तिला."

फडणीस म्हणाले, "सर, वर्ष वाचतं असं तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं."

"मग आता हे काय?"

"तुमचं वाचलेलं वर्ष त्या खोलीत अंथरुणात पडलंय. दार उघडून बघा."

फडणिसांचा चेहरा उतरला. मुलीसाठी नाही, सरपोतदार, मी नीट बघत होते. ते म्हणाले, "पण आम्ही सगळ्यांना सांगून बसलोय. लोकांना काय सांगू?"

"सांगा, सरपोतदारनं फसवलं."

तुम्ही हे वैतागून म्हणालात की मनापासून, मला अजून ठरवता येत नाही. पण फडणिसांनी ते अक्षरशः घेतलं. ऋतानं क्रेडिट सोडलं, ती परत गेली, पहिल्या वर्षाच्या वर्गात आपल्याहून कमी शिकलेल्या मुलांत जाऊन बसली. आणि इकडे तिच्या बापानं ग्योतोकुतल्या घराघरांत सांगितलं की सरपोतदारांच्या वर्गानं पोरीचं वाटोळं केलं. पालक पटापट मुलं काढून दुसऱ्या वर्गाला घालू लागले. तुमचे फोन घेईनात. गणपतीत तुम्ही दिसलात की बायका प्रसादाच्या ताटांत डोकं घालायच्या. तुम्ही कुणापाशी खुलासा केला नाहीत. पुढे निकाल चांगले लागले तशी मुलं परत यायला लागली. आणि आता त्याच फडणिसांना तुमच्या फोटोसमोर गहिवर येतो, त्याच बायका पदरानं डोळे टिपतात, आणि सगळ्यांना तुम्ही 'आमचे सर' होता. माणूस मेला की तो आपलं म्हणणं खोडायला उठत नाही, ही खात्री असली की केवढी माया येते लोकांना!  नीलावहिनी नसत्या तर मी उठून गेले असते.

पण तुम्हालाही इतक्या स्वस्तात मोठं करणार नाही मी. कारण फडणिसांच्या घरी ते सगळं झाल्यावर पुढच्याच रविवारी तुम्ही वर्गातल्या मुलांसमोर उभे होतात आणि सांगत होतात, "पर्याय बघा. दोन तर नुसते बघूनच कटतात." तेच. तसंच. नाकातून हसत. मी तुम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "मग परवा फडणिसांकडे काय नाटक होतं?"

"ते ऋतासाठी. हे बाकीच्यांसाठी."

"बाकीची माणसं नाहीत?"

"बाकीच्यांना इंजिनिअर व्हायचंय, मॅडम. त्यांना लिमिटची व्याख्या आयुष्यात कुणी विचारणार नाही. सगळ्यांना देव दाखवायचा अट्टहास कशाला?"

याच्यावरून आपण जे भांडत आलो ते तुम्ही ऑफिसात छातीला हात लावून खाली बसलात त्याच्या आधीच्या रविवारपर्यंत भांडत होतो. मला अजूनही वाटतं, तुम्ही चूक होता. कुणाला कळू द्यायचं आणि कुणाला नुसतं पास करायचं हे ठरवणारे तुम्ही कोण? एका मुलीसाठी तुम्ही आपलं नाव मातीत घातलंत, आणि तिच्या शेजारच्या बाकावरच्या पोराला तेच खोटं नाणं हातात दिलंत. असल्या मोठेपणाचा मला राग येतो. सरसकट नालायक माणूस बरा, त्याला विसरता येतं.

परवा ऋताचा फोन आला. तिला तुमच्याबद्दल उशिरा कळलं. ती आता गणितच करते आहे, तिसऱ्या वर्षाला. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, सर मला दर आठवड्याला फोन करायचे, तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं.

"मी परत गेले तेव्हापासून. विचारायचे, या आठवड्यात काय झालं वर्गात, ते मला समजाव. मी समजवायचे. त्यांना नाही समजायचं. मग ते म्हणायचे, पुन्हा सांग. मी वेगळ्या तऱ्हेनं सांगायचे. तरी नाही समजायचं. पण ते फोन नाही ठेवायचे, मॅडम."

"मग शेवटी कळायचं का त्यांना?"

"त्यांना क्वचितच. मला कळायचं."

एका प्रश्नावर मिनिटभराहून जास्त रेंगाळला तर पोराला टपली मारणारा माणूस! आणि हे मला सांगितलं नाहीत. मी तुम्हाला दलाल म्हणत राहिले, तुम्ही ऐकत राहिलात आणि मशीनमधून चहा काढत राहिलात. सांगितलं असतंत तर मी दलाल म्हणायचं थांबवलं असतं असं नाही. पण निदान मी तुम्हाला विचारलं असतं, की सरपोतदार, तुम्हाला स्वतःला लिमिट समजावून घ्यायचीय का? मी शिकवते. घरी या, नीलावहिनींना घेऊन या, एक तास बसू. मला वाटतं तुम्ही आला असता. बाहेर कुणाला न सांगता, पण आला असता. हे आपल्यात राहून गेलं, आणि ते मला तुमच्या जाण्याइतकंच लागलंय.

शोकसभा संपल्यावर पालकांनी मला घेरलं. "मॅडम, आता वर्ग तुम्हीच चालवा." परीक्षा तोंडावर आलीय आणि मुलं उघड्यावर पडली आहेत, तेव्हा मी हो म्हटलं. पण घरी येऊन मी पुरती तयारी केली. वर्गाची नाही, भांडणाची. काय बोलायचं ते मनात घोळवून घोळवून पक्कं केलं.

काल वर्गाला गेले. पालकांनाही बसवून घेतलं. सांगितलं, माझ्या वर्गात पर्याय बघून उत्तर काढणं चालणार नाही. प्रत्येक गोष्ट का, ते आधी. पेपर मागून. गुण कमी पडतील, काहींना क्रेडिट मिळणार नाही, आणि ज्यांना मिळेल त्यांनाही मी सांगणार आहे की आधी स्वतःला विचारा, घ्यायचं का. हे मान्य नसेल त्यांनी आत्ताच बोलावं.

मी थांबले. मागच्या रांगेतले एक गृहस्थ फोनवर काहीतरी बघत होते. एक बाई मुलाच्या कानात बोलल्या. मग कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे मॅडम," आणि लगेच सगळेच म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे, तुम्ही म्हणाल तसं." पुढच्या रविवारपर्यंत यातले निम्मे दुसरीकडे गेलेले असतील, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. पण तोंडावर एकानंही मला विरोध केला नाही.

तुम्ही घड्याळ बघत उभे राहायचात त्या दाराकडे मी बघितलं, सरपोतदार. मग मुलांकडे वळले आणि शिकवायला लागले. तासभर शिकवलं, कुणी मध्ये बोललं नाही.